समोर बघून रंगवणारे

म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या चित्रसंग्रहात एका चित्रापुढे माणसं हमखास थबकतात. हातात दिवा घेतलेली स्त्री, ज्योतीला दुसऱ्या हाताचा आडोसा आणि बोटांतून पाझरणारा तांबूस उजेड. ‘ग्लो ऑफ होप’ हे त्याचं नाव. कित्येक जण ते राजा रविवर्म्याचं समजतात. रविवर्मा १९०६ साली गेले. हे चित्र त्यानंतर जवळपास चाळीस वर्षांनी सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी रंगवलं, आणि तेही तैलरंगात नव्हे, जलरंगात.

हळदणकर ज्या परंपरेतून आले, तिची सुरुवात १८५७ सालची. सर जमशेटजी जीजीभाईंनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईत जे. जे. कलाशाळा उभी राहिली. आधी प्लास्टरचे ग्रीक-रोमन पुतळे समोर ठेवून रेखाटन, मग वस्तू, मग जिवंत माणूस, असा तिथला शिरस्ता. शिस्त परदेशी होती, हे खरंच. पण सुट्टीच्या दिवशी ही मुलं वही घेऊन बाहेर पडली की समोर कोळणी, गाडीवान, देवळाच्या पायऱ्या आणि लग्नघरं असत. यातलं कोणीच पुतळ्यासारखं स्थिर उभं राहत नसे.

कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० साली जे. जे. मध्ये दाखल झाले, पुढे तिथेच शिकवू लागले आणि एकूण एक्केचाळीस वर्षं त्या वास्तूत राहिले. १९४० साली निघालेल्या त्यांच्या आत्मचरित्राच्या नावातच हा आकडा आहे. पौराणिक देखावे, ऐतिहासिक प्रसंग, पोस्टकार्डं, पुस्तकांतली चित्रं असं मागणीनुसार येणारं सगळं काम त्यांनी केलं. १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या एडवर्ड्सच्या ‘बायवेज ऑफ बॉम्बे’साठी आणि १९२० च्या रॉथफेल्डच्या ‘विमेन ऑफ इंडिया’साठी त्यांनी चित्रं काढली. नऊवारीचा काष्टा कसा बसतो, डोक्यावर भार असताना कंबर कुठे वळते, हे त्यांच्या चित्रांत अचूक उतरतं. अशी चित्रं निव्वळ आठवणीवर निघत नाहीत. त्यामागे रोजचं रेखाटन असतं, आणि चालतं माणूस नजरेआड व्हायच्या आत चार रेघांत पकडण्याचा सराव असतो.

जलरंगात तर चूक पचत नाही. तैलरंग खरवडता येतो, वर दुसरा थर देता येतो. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावायचाच नसतो. जिथे उजेड हवा तिथे कागद कोरा राखायचा आणि बाकीचं चित्र त्याच्याभोवती रचत न्यायचं. मे महिन्याच्या उन्हात वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, अर्ध्यावर असतानाच वाळतो आणि कडेला डाग धरतो. पावसाळी हवेत तो वाळतच नाही, पुढचा थर देईपर्यंत प्रकाश बदललेला असतो. सकाळी डावीकडे पडलेली सावली दुपारी पायांखाली येते. अशा वेळी चित्रकाराला ठरवावं लागतं की आपण कोणत्या वेळेचं चित्र काढतो आहोत, आणि मग डोळ्यांसमोर जे बदलत चाललंय त्याला नकार देत आधी पाहिलेलंच धरून ठेवावं लागतं. प्रत्यक्ष पाहून रंगवण्यातली सगळ्यात कठीण गोष्ट हीच आहे, असं मला वाटतं. नुसती नजर तीक्ष्ण असून भागत नाही, निर्णयही लागतो.

‘ग्लो ऑफ होप’मध्ये हा निर्णय दिसतो. चित्रात प्रकाश एकाच ठिकाणाहून येतो, तोही खालून. चेहऱ्याची एरवीची सगळी छाया त्यामुळे उलटी होते: हनुवटी उजळते, कपाळ मागे जातं. ज्योतीपुढच्या बोटांच्या कडा लालसर होतात, कारण उजेड कातडीतून आरपार येतो. हे पुस्तकात वाचून रंगवता येत नाही. मॉडेल म्हणून हळदणकरांची मुलगी उभी राहिली होती. हातात दिवा घेऊन आपण तीन तास उभ्या होतो, असं त्यांनी पुढे वृद्धपणी सांगितलं. वडिलांइतकीच मेहनत त्यांचीही होती.

तोवर हळदणकरांचा हात पुरता तयार झालेला होता. १९०८ साली त्यांनी मुंबईत स्वतःची चित्रशाळा काढली होती आणि १९१८ साली आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या स्थापनेत ते होते. शिकवणं आणि व्यक्तिचित्रं यांवर संसार चालवत त्यांनी जलरंग सोडला नाही. पुढच्या काळात या सगळ्या कामावर ‘अकॅडेमिक’ असा शिक्का बसला आणि नव्या चळवळींच्या चर्चेत ही मंडळी मागे पडली. तो शिक्का अन्यायाचा आहे. पन्नास-साठ वर्षांतल्या मुंबईचे, कोकणाचे, कोल्हापूरचे पेहराव, घरं आणि उजेड रंगांत जपणारे हेच लोक होते.

दिवा धरलेल्या त्या स्त्रीचं छापील चित्र अजूनही कुठे कुठे भिंतीवर दिसतं, बऱ्याचदा चित्रकाराच्या नावाशिवाय. आपल्या घरी, दुकानात ते असेल तर त्याखाली एवढं जरूर लिहावं: सा. ल. हळदणकर, जलरंग.