दिनविशेष : 1 फेब्रुवारी
रिक हजबंड (1957–2003)

2003 साली आजच्या दिवशी 'कोलंबिया' अंतराळयान परतीच्या वाटेवर, जमिनीवर उतरायला जेमतेम 16 मिनिटे उरली असताना टेक्सासच्या आकाशात फुटले. सातही जण गेले. आपल्याला त्यातली कल्पना चावला आठवते. तिच्या मोहिमेचा कमांडर रिक हजबंडही आठवणीत ठेवावा असाच माणूस होता.

टेक्सासमधल्याच अमरिलोचा हा यांत्रिकी अभियंता आणि हवाई दलातला चाचणी वैमानिक. 'नासा'ने अनेकदा नकार दिला, तरी अर्ज करत राहिला आणि 1994 च्या अखेरीस निवडला गेला. श्रद्धाळू ख्रिस्ती, चर्चच्या गायकवृंदात तो खर्जाकडे झुकणाऱ्या भरदार आवाजात गात असे. उड्डाणापूर्वी त्याने आपल्या मुलीसाठी आणि मुलासाठी वेगवेगळ्या चित्रफिती करून ठेवल्या : बाबा वर असताना रोज एक बघायची, त्याच्यासोबत बायबलचे वाचन आणि प्रार्थना करायची. मोहिमेच्या कामाच्या रगाड्यात हे सुचणे आणि निभावणे मला फार मोठे वाटते.

उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला होता. परतताना तप्त वायू तिथूनच आत शिरला. हजबंड तेव्हा अवघा 45 वर्षांचा होता. अमरिलोच्या विमानतळाला आज त्याचे नाव आहे.