आक्काची शंका

गेल्या भाऊबीजेला आक्का मुंबईहून रत्नागिरीला माहेरी आली, ती मुलाला आणि त्याच्या जाडजूड फायलीला बरोबर घेऊनच. भाच्याचे वजन सव्वाशे किलोवर गेलेले, यकृतात चरबी साठून सूज आलेली. डॉक्टरांनी जठराची शस्त्रक्रिया सुचवली होती. ओवाळणी झाली, फराळाची ताटे आली आणि आक्का म्हणाली, "अरे, तू इतिहासाचा मास्तर. खरं सांग. या ऑपरेशनानं माणूस बारीक होतो, पण लिव्हर जातं म्हणतात. कापू द्यायचं का पोराचं पोट?"

मी वैद्य नव्हे. परंतु आक्काची शंका ऐकीव असली तरी निराधार नव्हती.

अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांनाही चरकाने निंद्य मानले आणि त्यांतल्या त्यात कृश बरा म्हटले. स्थूलपणावर सुरी चालवण्याचा विचार मात्र गेल्या शतकातला. १९५४ साली अमेरिकेतील मिनेसोटात क्रेमेन, लिनर आणि नेल्सन यांनी लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून दोन टोके जोडण्याचा मार्ग मांडला. पुढे तर वीसेक फुटांच्या आतड्यापैकी जेमतेम दीड फूट अन्नाच्या वाटेवर ठेवीत. अन्न अंगी लागेना आणि वजन झरझर उतरे.

पण काहींचे यकृत बिघडले. दारूला कधी न शिवलेल्यांच्या यकृतात दारुड्यासारखी चरबी आणि सूज दिसू लागली, काही दगावलेही. असे का व्हावे? वगळलेले आतडे पोटातच होते. वाहते पाणी तोडलेल्या पऱ्ह्यात शेवाळ माजावे, तसे तिथे जिवाणू माजले. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येते. त्याबरोबर तिथले विषही येणारच. १९८२ साली ड्रेनिक यांनी अशा रोग्यांना मेट्रोनिडॅझोल हे जंतुनाशक औषध दिले, तेव्हा यकृतातली चरबी ओसरली. ती शस्त्रक्रिया मागे पडली. पण आतड्यातले जिवाणू यकृत बिघडवू शकतात, हा धडा मागे राहिला.

"म्हणजे माझंच खरं!" आक्का म्हणाली.

"अर्धं खरं," मी म्हणालो. १९६६ साली आयोवात एडवर्ड मेसन यांनी दुसरी वाट काढली. त्यांनी जठर लहान केले आणि आतड्याचा थोडाच भाग वगळला. आजच्या शस्त्रक्रिया या वाटेने पुढे गेलेल्या आहेत. २०१५ साली फ्रान्समधील लील येथील वैद्यांनी सांगितले, की यकृताला सूज असलेल्या त्यांच्या शंभरांपैकी पंच्याऐंशी रोग्यांची सूज शस्त्रक्रियेनंतर वर्षभरात गेली. २०१३ साली तर अशी शस्त्रक्रिया केलेल्या उंदरांचे जिवाणू दुसऱ्या, जंतुरहित उंदरांत घातले, तेव्हा सुरी न लागताच त्यांचे वजन उतरले. माणसात या जिवाणूंचा वाटा किती, हे अजून ठरायचे आहे.

भाचा हसून म्हणाला, "मामा, तुम्ही सुटलात. काडीसारखे आहात!"

मी कपाटातून माझा सोनोग्राफीचा कागद काढला. त्यावरही फॅटी लिव्हर! पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली आपली स्वतःचीच मापे छापली होती. उंचीच्या मानाने वजन दोघांचेही सारखेच. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२. आपल्याकडचा कृश माणूस चरकाच्या भरवशावर राहू शकत नाही, तो असा.

भाच्याची शस्त्रक्रिया माघात झाली. वजन तीस किलोंनी उतरले आहे, सूजही कमी आहे. जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि रक्ततपासणी मात्र जन्माची. मी रोज मांडवीपर्यंत पायी जातो.

यंदाही आक्का येणार आहे. "करंज्या कमी कर," असे तिने हिला फोनवर बजावले आहे. "करूच नकोस," असे मात्र ती म्हणाली नाही.