८-बिट फॅन आर्ट म्हणजे काय? जुन्या मारिओसारखं पिक्सेल आर्ट मोबाईलवर कसं काढायचं?

दिवाळीच्या साफसफाईत नेरूळच्या आमच्या घरी माळ्यावर मामाची एक पिवळी कॅसेट सापडली. कॅसेट म्हणजे गाण्यांची नाही, व्हिडिओ गेमची. ९०च्या दशकात टीव्हीला जोडायचे जे गेम घरोघरी होते, त्यातली. मशीन केव्हाच भंगारात गेलं होतं, पण कॅसेट बघून मामा अर्धा तास फक्त मारिओबद्दलच बोलत होता. म्हणून त्याच्या वाढदिवसाला मी मारिओचं चित्र असलेला टी-शर्ट द्यायचं ठरवलं. चित्र मोबाईलवर काढलं. वाटलं तितकं ते सोपं नव्हतं, आणि त्यातून जे शिकलो तेच आज सांगतो.

फॅन आर्ट म्हणजे काय?

आवडत्या गेम, सिनेमा किंवा कार्टूनमधलं पात्र चाहत्याने स्वतःच्या हाताने काढणं म्हणजे फॅन आर्ट. ते वहीत काढा, भिंतीवर काढा किंवा मोबाईलवर. जुन्या गेमच्या बाबतीत ते बहुतेक वेळा पिक्सेल आर्ट असतं, म्हणजे छोट्या चौकोनांनी बनलेलं चित्र.

मारिओ असा का दिसतो?

मारिओ पहिल्यांदा १९८१ मध्ये 'डाँकी काँग' या गेममध्ये आला. तो जपानच्या निन्टेन्डो कंपनीतल्या शिगेरु मियामोतो यांनी तयार केला. तेव्हा एका पात्रासाठी मोजकेच पिक्सेल मिळायचे. तेवढ्यात तोंड नीट दिसत नव्हतं, म्हणून मिशी दिली. केस काढणं अवघड, म्हणून टोपी घातली. पळताना हात वेगळे दिसावेत म्हणून अंगात डांगरी, म्हणजे खांद्यावर पट्टे असलेली पँट आली. थोडक्यात, आज जगभर ओळखला जाणारा चेहरा अडचणीतून तयार झाला.

'सुपर मारिओ ब्रदर्स' जपानमध्ये १३ सप्टेंबर १९८५ रोजी आला. आपल्याकडे बहुतेकांनी तो ओरिजिनल मशीनवर नाही, तर त्याची नक्कल केलेल्या स्वस्त मशीनवर खेळला. '९९९९ इन १' लिहिलेली कॅसेट आठवते का? त्यात खरे गेम थोडेच असायचे, तेच तेच पुन्हा वेगळ्या लेव्हलपासून सुरू व्हायचे!

८-बिट म्हणजे नक्की काय?

बऱ्याच जणांना वाटतं ८-बिट म्हणजे ८ रंग. तसं नाही. त्या मशीनचा प्रोसेसर एका वेळी ८ बिट माहिती हाताळायचा, म्हणून ८-बिट. चित्रांचे नियम वेगळे होते:

१. पूर्ण स्क्रीन २५६ × २४० पिक्सेलची.
२. चित्रं ८ × ८ पिक्सेलच्या तुकड्यांची. छोटा मारिओ असे ४ तुकडे जोडून बनतो, म्हणजे १६ × १६.
३. हलणाऱ्या पात्राच्या एका तुकड्यात फक्त ३ रंग, आणि चौथा 'पारदर्शक', म्हणजे मागचं दृश्य दिसणारा.

आता हिशोब करू. ४ पर्यायांसाठी एका पिक्सेलला २ बिट लागतात. ६४ पिक्सेलचा एक तुकडा म्हणजे १२८ बिट, अर्थात १६ बाईट. असे ४ तुकडे म्हणजे अख्खा छोटा मारिओ फक्त ६४ बाईटमध्ये! पूर्ण गेम सुमारे ४० केबीचा होता. तुम्ही सकाळी पाठवता तो गुड मॉर्निंगचा फोटोही बहुधा त्यापेक्षा मोठा असतो. जागा वाचवण्यासाठी गेममध्ये ढग आणि झुडूप यांचा आकारही एकच ठेवला होता, फक्त रंग बदलला. पुढच्या वेळी नीट बघा.

मोबाईलवर कसं काढायचं?

'पिक्सेल स्टुडिओ'सारखं कुठलंही पिक्सेल आर्टचं ॲप चालेल. ॲप नको असेल तर शाळेची आलेखवही घ्या. निन्टेन्डोची टीमसुद्धा गेमच्या लेव्हल आधी चौकटीच्या कागदावर काढायची.

१. नवीन कॅनव्हास १६ × १६ चा घ्या. मोठा घ्यायचा मोह टाळा.
२. फक्त ३ रंग निवडा. बॅकग्राउंड पारदर्शक ठेवा.
३. आधी पूर्ण आकार एकाच रंगात भरा. नुसती सावली बघून ओळखू येतो का ते तपासा.
४. मग डोळा, टोपी, हात असे तपशील घाला. एक पिक्सेल हलवला तरी चेहरा बदलतो.
५. सेव्ह करताना पीएनजी निवडा, जेपीजी नको. जेपीजीमध्ये चौकोनांच्या कडा खराब होतात.
६. मोठं करताना पूर्ण पटीत करा. १६ ला ३२ ने गुणलं की ५१२, आणि व्हॉट्सॲप स्टिकरचा साईझही ५१२ × ५१२ असतो. चित्र फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे धूसर होणार नाही.

माझा टी-शर्ट कुठे अडला?

चित्र घेऊन मी वाशीला प्रिंटिंगच्या दुकानात गेलो. एकाऐवजी दहा छापून कॉलेजात विकू, असंही डोक्यात आलं होतं. दुकानातले काका म्हणाले, "अरे, काढलंस तू, पण हा माणूस तुझा आहे का?" मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की काकांचं बरोबर होतं.

भारतात कॉपीराईट कायदा १९५७ चा आहे. चित्रावरचा हक्क कलाकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. गेम जुना झाला किंवा दुकानात मिळेनासा झाला म्हणून तो फुकटचा होत नाही. कायद्याच्या कलम ५२ मध्ये खाजगी वापर, अभ्यास, टीका-समीक्षा यासाठी काही सवलत आहे. पण दुसऱ्याचं पात्र छापून विकायचं असेल तर परवानगी लागते. 'फॅन आर्ट आहे' असं खाली लिहिल्याने काही फरक पडत नाही.

चांगली गोष्ट अशी की चौकोनांनी चित्र काढायची पद्धत कुणाच्या मालकीची नाही. १६ × १६ ची चौकट आणि ३ रंगांचा नियम तुमचाच समजा.

मग मी काय केलं?

मारिओ बाजूला ठेवला आणि फ्लेमिंगो काढला. हिवाळ्यात ठाणे खाडीत आणि नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर ते येतात. खाडीच्या एका भागाला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर केलं आणि २०२२ मध्ये ते रामसर यादीत गेलं. गुलाबी, पांढरा, काळा, बरोबर तीनच रंग! पाय एक पिक्सेल जाडीचे, मान चार वेळा पुसून काढली. आणि मारिओची आठवण म्हणून त्याच्या मागे माझाच एक ढग आणि त्याच आकाराचं झुडूप काढलं.

मामाने टी-शर्ट बघितला आणि पहिलं वाक्य बोलला, "ढग आणि झुडूप सेम आहे रे!" गेम खेळलेल्या माणसाला बरोबर कळतं.

तुम्हीही घरच्या मोठ्यांना विचारा, त्यांच्या कॅसेटमध्ये कुठले गेम होते. मशीन गेलं, कॅसेट चालत नाही, पण त्यांना आठवतंय तोवर ते काढून ठेवता येतं. सुरुवात आपल्या गल्लीतल्या एखाद्या गोष्टीने करा: वाशी खाडीपुलावरून जाणारी लोकल, कोपऱ्यावरची वडापावची गाडी. १६ चौकोन आडवे, १६ उभे आणि ३ रंग, बस!