दहा मायक्रोलिटरची गर्दी

उंदराचा गर्भ साडेअकरा दिवसांचा होतो तेव्हा त्याला पाय नसतात, पायांचे नुसते कोंब असतात. हे कोंब काढून घ्यायचे, एन्झाइम लावून त्यांतल्या पेशी सुट्या करायच्या आणि दोनेक लाख पेशींचा दहा मायक्रोलिटरचा थेंब बशीत सोडायचा. पेशी तळाला चिकटल्या की मगच वरून पोषक द्रव घालायचा. घाई केली तर थेंब विस्कटतो. काही दिवसांत कूर्चेच्या गाठी धरतात आणि अल्शियन ब्लू हा रंग घातला की निळ्या दिसतात. या पद्धतीचं नाव मायक्रोमास.

तिचं कूळ मात्र उंदराचं नाही, कोंबडीचं आहे. ऑनर फेल यांनी केंब्रिजच्या स्ट्रेंजवेज प्रयोगशाळेत १९२०च्या दशकात कोंबडीच्या गर्भातली हाडं आणि पायांचे कोंब काचेच्या भांड्यात वाढवून दाखवले. पण तो अख्खा तुकडा. त्यात कोणती पेशी काय करते ते कसं कळणार? म्हणून पेशी सुट्या केल्या, आणि तिथंच घोटाळा झाला. तळावर विरळ पसरलेली कूर्चापेशी चपटी होते, भराभर वाढते आणि कूर्चा बनवायचं सोडून देते. हॉल्टझर आणि सहकाऱ्यांनी हे १९६० साली मांडलं. कूर्चेचं खास कोलॅजन, म्हणजे टाइप २, १९६९मध्ये सापडलं आणि या विसराळूपणाला मोजमाप मिळालं: पसरलेली पेशी टाइप २ टाकून टाइप १ बनवू लागते. जनुकं तीच, पण वाचली जातात वेगळी.

आयोवात आरेन्स, सोलर्श आणि राइटर यांनी १९७७ साली पेशींना पसरायला जागाच ठेवली नाही. दाटीवाटीच्या थेंबात कोंबडीच्या कोंबातल्या पेशी कूर्चेकडे वळल्या. बेन्या आणि शॅफर यांनी १९८२मध्ये सशाच्या बिघडलेल्या कूर्चापेशी अ‍ॅगरोजच्या जेलमध्ये ठेवल्या. तिथं त्या गोल झाल्या आणि पुन्हा टाइप २ बनवू लागल्या. मला हा प्रयोग अधिक देखणा वाटतो, कारण त्यात हरवलेलं परत येतं.

उंदीर आला तो जनुकांसाठी. सॉक्स९ हे जनुक १९९४ साली माणसातल्या कॅम्पोमेलिक डिस्प्लेझिया या आजारातून ओळखलं गेलं. ते टाइप २ कोलॅजनचं जनुक चालू करतं, हे १९९७मध्ये कळलं. पुढे १९९९मध्ये, सॉक्स९ नसलेल्या आणि असलेल्या पेशींची सरमिसळ करून उंदराचे गर्भ वाढवले, तेव्हा सॉक्स९ नसलेल्या पेशी कूर्चेत कुठंच सापडल्या नाहीत.

आता थेंबातून आरएनए काढून सॉक्स९, टाइप २ कोलॅजन, अ‍ॅग्रिकॅन (कूर्चेतलं आणखी एक प्रथिन) यांची पातळी दिवसागणिक मोजतात. पण आकडा वाचताना जपून. थेंबातली प्रत्येक पेशी काही कूर्चा होत नाही, गाठींच्या मधल्या जागेत इतर पेशी असतातच. अख्ख्या थेंबाचा आरएनए या सगळ्यांची सरासरी सांगतो, आणि सुरुवातीला पेशी कमी घातल्या असतील तर ती सरासरीही बदलते.