सागाची जाळीदार पाने आणि सालवृक्षाचा भुसा : जंगलातील किडींची ओळख व नियंत्रण

इंदूरहून महू, मानपूर किंवा चोरलच्या दिशेने गेल्यास शुष्क पानझडी जंगल लागते. त्यात साग मोठ्या प्रमाणावर आढळतो. काही वर्षी पावसाळ्याच्या उत्तरार्धात हिरवा असायला हवा असा हा साग करपल्यासारखा तपकिरी दिसू लागतो. वणवा लागून गेल्याचा भास होतो. प्रत्यक्षात ते अळीचे काम असते.

सागाच्या पानांवर प्रामुख्याने दोन अळ्या उपजीविका करतात. ‘हायब्लिया प्युएरा’ ही पावसाच्या आरंभी कोवळी पाने खाते व जाड शिरा तेवढ्या शिल्लक ठेवते. ‘यूटेक्टोना मॅकेरालिस’ ही नंतरच्या काळात जून पानांतील हरितभाग खरवडून खाते. मागे शिरांची नाजूक जाळी उरते. या हल्ल्याने झाड सहसा मरत नाही, त्याला पुन्हा पालवी फुटते. मात्र वाढ खुंटते. केरळमधील नीलांबूर येथील कोवळ्या लागवडीच्या अभ्यासात ‘हायब्लिया’मुळे लाकडाची संभाव्य वाढ 44 टक्क्यांनी घटल्याचे आढळले. मुंबई परिसरातील खाडीकाठच्या तिवरांवरही हीच अळी पडते.

मध्य प्रदेशच्या पूर्व भागातील सालवृक्षाचा शत्रू मात्र प्राणघातक आहे. ‘होप्लोसेरॅम्बिक्स स्पिनिकॉर्निस’ हा लांब मिशांचा भुंगेरा पहिल्या पावसाबरोबर बाहेर पडतो आणि खोडाच्या सालीत अंडी घालतो. अळ्या सालीखालचा भाग पोखरत लाकडात शिरतात. खोडातून राळ ओघळणे आणि बुंध्याशी भुशाचा ढीग साचणे, ही त्याची लक्षणे. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात मंडला, दिंडोरी, बालाघाट, शहडोल या भागांत या खोडकिड्याचा उद्रेक होऊन लाखो झाडे बाधित झाली. बाधित झाडे किती तोडावीत, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

या किडीवरील जुना व खात्रीचा उपाय म्हणजे ‘सापळा वृक्ष’. पावसाळ्यात सालवृक्ष तोडून त्याचे ओंडके करतात व टोके ठेचतात. पाझरणाऱ्या रसाच्या वासाने भुंगेरे दुरून येतात; ते वेचून मारले जातात. त्यांच्या संख्येवरून प्रादुर्भावाचा अंदाजही येतो. मेलेली, वाऱ्याने पडलेली व तोडून टाकलेली झाडे पावसाळ्यापूर्वी जंगलाबाहेर नेणे तितकेच आवश्यक असते, कारण दुर्बळ वृक्षांत ही कीड प्रथम बळावते.

सागाबाबत उपायांची दिशा वेगळी आहे. विस्तीर्ण जंगलावर कीटकनाशक फवारल्यास पक्षी, कोळी आणि परजीवी गांधीलमाश्या हे अळ्यांचे नैसर्गिक शत्रूही नष्ट होतात. म्हणून केरळ वन संशोधन संस्थेने ‘हायब्लिया’ला रोगग्रस्त करणाऱ्या विषाणूचा वापर विकसित केला. जबलपूरच्या उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थेतही साग आणि सालवृक्षावरील किडींचा अभ्यास चालतो.

जाळीदार झालेला साग पाहून कुऱ्हाड उचलणे जितके चुकीचे, तितकेच सालवृक्षाच्या बुंध्याशी पडलेल्या मूठभर भुशाकडे दुर्लक्ष करणेही चुकीचे. कीड कोणती, ती कोणत्या अवस्थेत आहे आणि किती झाडांवर पसरली आहे, याची दरवर्षी ठरावीक काळात नोंद झाली, तरच योग्य उपाय ठरवता येतो. जंगलात रोज वावरणारे वनरक्षक आणि ग्रामस्थ हेच या नोंदीचे पहिले साक्षीदार असतात.