धुळ्याचं टपाल

न्यायमूर्ती रानड्यांची पत्रं सरकार फोडून वाचत होतं, हे मला कळलं ते रमाबाईंमुळे. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे त्यांचं पुस्तक १९१० साली आलं. त्यातला धुळ्याचा भाग मी कितीदा वाचला असेन.

१८७९ सालचा मे महिना. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाने सरकार आधीच हैराण झालेलं, त्यात १३ मे रोजी पुण्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा पेटले. पुण्याच्या पुढाऱ्यांवर संशय आला, आणि सार्वजनिक सभेचा मेंदू म्हणजे रानडे! खरं तर ते सरकारचेच न्यायाधीश, त्या वेळी नाशिकला. तिथून त्यांना तडकाफडकी धुळ्याला पाठवलं. धुळ्यात येणारं टपाल फोडून पुन्हा चिकटवलेलं असायचं. फडक्यांच्या नावाने बंडाचे बेत कळवणारी पत्रंही येऊ लागली. रानड्यांनी ती सरळ सरकारकडे धाडून दिली.

पुढे संशय फिटला, तेव्हा डॉ. पोलन नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याने स्वतः होऊन त्यांना सांगितलं, की तुमच्यावर पाळत होती, पत्रं उघडली जात होती.

मला या पोलनसाहेबांचं कुतूहल वाटतं. त्यांनी गुपित कोणाचं फोडलं? सरकारचं म्हणावं, तर पत्रं रानड्यांची होती. सरकारी गुपितांचा कायदा तेव्हा नव्हता. तो १८८९ साली आला, काश्मीरविषयीचा एक गोपनीय कागद 'अमृतबझार पत्रिके'ने छापल्यावर! अर्थात पोलनसाहेबांना फार थोर ठरवायचंही कारण नाही. संशय असताना ते गप्प होते, आणि सांगितलं ते एकट्या रानड्यांना. बाकी ज्यांची पत्रं फुटली त्यांना कोण सांगणार?

आमच्या महाळुंग्याहून मुळा ओलांडली की हिंजवडी. तिथल्या संगणकवाल्या मुलांना पाकिटं फोडून पुन्हा चिकटवण्याची गोष्ट सांगितली की हसतात. पण चिकटवलेलं पाकीट बघून रानड्यांना निदान शंका तरी आली. आज फोन किंवा ईमेल कोणी वाचला, तर खूणसुद्धा राहत नाही. आतल्या कोणी सांगितलं तरच कळणार. एडवर्ड स्नोडेनने २०१३ साली सांगितलं म्हणून अमेरिकेतल्या लोकांना आपल्या फोनच्या नोंदींचं कळलं.

आपल्याकडेही असं घडलंय. राजकारण्यांच्या फोनवर पाळत ठेवल्याबद्दलचा सीबीआयचा अहवाल मार्च १९९१ मध्ये 'मेनस्ट्रीम' साप्ताहिकात छापून आला. त्यावरून पीयूसीएल ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि डिसेंबर १९९६ मध्ये निकाल लागला: आदेश साधारणपणे गृहसचिवाचाच हवा, तो दोन महिन्यांपुरता, वाढवला तरी सहा महिन्यांच्या वर नाही. कायदा १८८५ सालचा, त्याखाली यासाठीचे नियम करायला सरकारला एकशे अकरा वर्षांत सवड झाली नव्हती! तो अहवाल फायलीतच राहिला असता तर आणखी किती वर्षं गेली असती कोण जाणे.

मार्च २०२१ मधलं महाराष्ट्रातलं प्रकरण मात्र मी या रांगेत बसवत नाही. पोलिसांच्या बदल्यांबद्दल फोन ऐकून केलेला गुप्तवार्ता विभागाचा अहवाल तेव्हाचे विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी पत्रकार परिषदेत पुढे आणला, आणि गुपित फुटल्याबद्दल मुंबईत गुन्हा नोंदला गेला. बदल्यांत पैसे चालत असतील तर ते लोकांना कळायलाच हवं, हे मान्य. पण तिथे बाहेर आलं ते चोरून ऐकलेलं बोलणं. पाळत कशी ठेवतात, कोणाच्या सहीने ठेवतात, हे फोडणं वेगळं आणि पाळतीत सापडलेलं फोडणं वेगळं. दुसऱ्यात ज्याचं बोलणं ऐकलं त्याची पत्रं पुन्हा एकदा, या वेळी चव्हाट्यावर, वाचली जातात. त्याला फार मोठं कारण लागतं.

पोलनसाहेबांनी मनाने केलं ते जर्मनीत कायद्यानेच करावं लागतं. पाळत संपली आणि तपासाला धोका उरला नाही, की त्या माणसाला कळवायचं. आपल्याकडे टपालाचा १८९८ सालचा कायदा गेला, २०२३ सालचा आला. टपाल अडवून उघडण्याचा अधिकार त्यातही आहे. उघडल्याचं नंतर मालकाला कळवावं, असं कलम मात्र नाही.