वाटेत राहिलेले

आजी सांगायची, तिच्या पणज्याला कबर नाही आणि चितेची जागाही नाही. गोव्यात तो एका पोर्तुगीज घरात गुलाम होता. संधी साधून पळाला, घाट चढून रानात शिरला आणि तापाने रानातच गेला. सोबत्यांनी पालापाचोळा टाकून त्याला झाकलं नि रातोरात पुढची वाट धरली.

हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातल्या कितीतरी सिद्दी घरांत अशीच गोष्ट ऐकायला मिळते. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून माणसं गलबतात भरून गोव्याला आणली गेली. जी निसटली ती उत्तर कन्नडच्या जंगलात लपली. त्यांची नावं कागदोपत्री सापडत नाहीत. पण आम्ही मेलेल्यांना जेवायला बोलावतो, आणि बोलवायचं तर नाव ठाऊक हवंच.

आमच्या गोतावळ्यात हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळे. कुणाच्या मयताला पाद्री येतो, कुणासाठी फातिहा होतो. हिरियारूंच्या, म्हणजे वाडवडिलांच्या दिवशी मात्र सगळे एकाच ओसरीवर. आमच्या घरी तो दसऱ्याच्या सुमारास येतो. तांदळाच्या राशीवर नारळ ठेवायचा, पुढ्यात पान वाढायचं. आजी एकेक नाव घ्यायची. आठवणीतली संपली की जराशी थांबून म्हणायची, "वाटेत ऱ्हायले त्येंनीबी यावं."

आजी गेल्यावर आईने तिची लुगडी कवंदीसाठी, म्हणजे आमच्या गोधडीसाठी काढली. कवंदी कडेपासून शिवत मध्याकडे न्यायची. कोपऱ्यांना दुमडलेल्या चिंध्यांची फुलं लावायची. त्यांच्यावाचून ती उघडी मानतात. मधल्या शेवटच्या ठिगळाखाली आईने तांदळाचे चार दाणे सरकवले, कवंदीचं पोट रिकामं राहू नये म्हणून.

२००३ मध्ये आमची अनुसूचित जमातींत नोंद झाली. बाहेरची माणसं आधीही यायची, आताही येतात: आमचे केस बघतात, दमाम ढोलावरचा नाच चित्रित करतात. म्हाताऱ्यांपाशी बसून "तुमच्यात कोण कोण गेलं?" असं क्वचितच कुणी विचारतं. मला त्याचं फार वाईट वाटतं. आमचा सगळा इतिहास त्या उत्तरात आहे.

आता नावं घेण्याचं काम धाकट्या काकांकडे आहे. मी ती वहीत उतरवायला घेतली, तर ते म्हणाले, "लिवलंस की पोरं पाठ करायची सोडतील." त्यांचं खरं असेल. तरी मी लिहिते आहे, आणि काका संध्याकाळी पोरांना ओळीने बसवून तीच नावं म्हणवून घेतात.